वर्क ऑर्डर निघते, पण टेक्निशियनपर्यंत पोहोचत नाही: नेमकी कुठे अडकते ते शोधण्याचा क्रम

अमेरिकेतल्या पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टच्या (एका प्रशासनाखालच्या सरकारी शाळांच्या गटाच्या) फॅसिलिटीज, म्हणजे इमारतींची देखभाल करणाऱ्या, विभागात ही तक्रार फिरून फिरून येते. शाळेने देखभालीच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीची रिक्वेस्ट टाकली, तिची वर्क ऑर्डर (कामाचा आदेश) होऊन नंबर मिळाला, आणि पुढे शांतता. शाळा म्हणते मेंटेनन्सवाले लक्ष देत नाहीत, मेंटेनन्सवाले म्हणतात आमच्याकडे आलंच नाही, आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर त्याला सांगितलेलंच करत असतं. ते कुणी आणि कधी सांगून ठेवलं होतं, एवढंच आता कुणाला ठाऊक नसतं.

खालचा क्रम सोप्या आणि फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि अवघड तपासण्यांकडे जातो. प्रत्येक कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मेनूची नावं वेगळी असतील, पण आतली रचना जवळपास सारखीच असते.

सुरू करण्याआधी एक गोष्ट. गॅसचा वास, जळका वास, फायर अलार्म पॅनेलवर ट्रबल, इलेक्ट्रिकल पॅनेलजवळ पाणी, बॉयलर वारंवार लॉकआउटवर जाणं (सुरक्षेसाठी आपोआप बंद पडणं), यांपैकी काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि फोन उचला. गॅसच्या वासाला इमारत रिकामी करून बाहेरून ९११ (आपत्कालीन नंबर). रिक्वेस्ट नंतर, नोंदीपुरती.

लक्षणं

कोणतं लक्षण आहे हे नीट ठरवलं तर अर्ध्या तपासण्या वाचतात.

- रिक्वेस्ट ‘नवीन’ किंवा ‘सबमिटेड’ या स्टेटसवर दिवसेंदिवस पडून आहे. हे मंजुरीचं किंवा राउटिंगचं (कोणतं काम कुणाकडे जावं ते ठरवणाऱ्या नियमांचं) दुखणं.
- स्टेटस ‘असाइन्ड’ आहे, नावही बरोबर आहे, पण टेक्निशियनला फोनवर दिसत नाही. हे फिल्टर, अ‍ॅप किंवा अकाउंटचं.
- काम अ‍ॅपमध्ये दिसतं, फक्त ई-मेल येत नाही. हा वेगळाच बिघाड आहे. राउटिंगला हातही लावू नका.
- एकाच शाळेची किंवा एकाच प्रकारची कामं हरवतात, बाकीची सुरळीत आहेत. हा जवळजवळ नेहमी राउटिंग नियमच.
- मुदतीच्या देखभालीच्या ऑर्डर, म्हणजे पीएम, निघायच्याच थांबल्या. हे वेळापत्रकाचं.
- सगळं जुलै-ऑगस्टमध्ये बिघडलं. नवीन शालेय वर्षाच्या अकाउंट सिंकवर (खात्यांची माहिती आपोआप जुळवून घेण्यावर) पहिला संशय घ्या.

१. हिस्टरी टॅब वाचा

इतर काहीही उघडण्याआधी हरवलेल्या एका ऑर्डरची हिस्टरी उघडा. काही सॉफ्टवेअरमध्ये तिला ऑडिट लॉग म्हणतात. कुणी, कधी, काय बदललं हे तिथे ओळीने लिहिलेलं असतं. तुम्हाला फक्त शेवटची ओळ हवी आहे. ‘मंजुरीसाठी पाठवली’ अशी शेवटची ओळ असेल तर पाचवी आणि सहावी तपासणी करण्यात अर्थ नाही. ऑर्डर तिथवर गेलेलीच नाही. ‘अमुक ग्रुपला असाइन केली’ असेल तर राउटिंगने आपलं काम केलं आहे, गोंधळ त्यापुढे आहे.

ही तपासणी वगळून थेट सेटिंगमध्ये शिरणं हीच सगळ्यात महागात पडणारी सवय. एका ऑर्डरसाठी चार नियम बदलले जातात, ती ऑर्डर सापडते, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तीन शाळांची कामं गायब होतात.

एकाच ऑर्डरवर निष्कर्ष काढू नका. हरवलेल्या तीन आणि व्यवस्थित पोहोचलेली एक अशा चार हिस्टरी शेजारी ठेवा. फरक कुठल्या ओळीपासून पडतो ते लगेच कळतं.

२. टेक्निशियनची स्क्रीन

त्याच्या फोनवर किंवा टॅबलेटवर, त्याच्याच लॉगिनने बघा. अ‍ॅडमिनच्या स्क्रीनवर सगळंच दिसतं, त्यामुळे तिथून हा बिघाड कधीच सापडत नाही.

सेव्ह केलेला फिल्टर हा नेहमीचा गुन्हेगार. ‘माझी कामं’ या व्ह्यूमध्ये फक्त व्यक्तीच्या नावावरची कामं येतात आणि ऑर्डर मात्र ‘प्लंबिंग’ ग्रुपच्या नावावर असते. किंवा तारखेचा फिल्टर ‘या आठवड्यात ड्यू’ असा असतो आणि रिक्वेस्टला ड्यू डेट (काम पूर्ण करण्याची मुदत) दिलेलीच नसते. रिकाम्या तारखेची ऑर्डर अशा व्ह्यूमध्ये कधीच येणार नाही, वर्षभर थांबलात तरी. सगळे फिल्टर काढून ऑर्डर नंबरने शोधा. सापडली तर दुरुस्ती म्हणजे प्रत्येकाच्या फोनवर जाऊन फिल्टर बदलणं नव्हे. सगळ्यांसाठी एकच डिफॉल्ट व्ह्यू बनवा: माझी अधिक माझ्या ग्रुपची, बंद न झालेली, तारखेची अट नाही.

नंबरने शोधूनही सापडली नाही तर त्या व्यक्तीला ती शाळा किंवा तो कामाचा प्रकार बघण्याची परवानगीच नसावी. हा धागा सहाव्या तपासणीत पुढे नेला आहे.

३. अ‍ॅप आणि फोन

बॉयलर रूम आणि तळघरात सिग्नल नसतो, म्हणून ही अ‍ॅप ऑफलाइनही चालतात आणि सिग्नल आला की सिंक करतात. सिंक अडकलं की टेक्निशियन परवाची यादी बघत बसतो, आणि ती परवाची आहे हे स्क्रीनवर ठळकपणे कुठेच लिहिलेलं नसतं. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये शेवटच्या सिंकची वेळ बघा. अपलोडच्या रांगेत काही अडकलं आहे का तेही बघा; मोठे फोटो जोडलेली एखादी ऑर्डर वर जाऊ शकत नसेल तर काही अ‍ॅपमध्ये तिच्या मागचं सगळंच थांबतं.

इथे एक सावधगिरी. अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला सगळेच देतात. रांगेत न गेलेल्या नोंदी असतील तर त्या अ‍ॅपबरोबर जातात: तास, वापरलेले पार्ट, रीडिंग, फोटो, सगळं. आधी वाय-फायवर रांग रिकामी करा, ते जमत नसेल तर त्या नोंदींचे स्क्रीनशॉट घ्या, मगच अ‍ॅप काढा.

नुसतं नोटिफिकेशन येत नसेल तर अँड्रॉइडवर त्या अ‍ॅपची बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, आयफोनवर नोटिफिकेशनची परवानगी आणि फोकस मोड तपासा.

४. मंजुरीत अडकली आहे का

बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये शिक्षकाची रिक्वेस्ट आधी शाळेच्या ऑफिसात किंवा प्रिन्सिपलकडे मंजुरीला जाते. ती व्यक्ती बदलली, रजेवर गेली किंवा तिची दुसऱ्या शाळेत बदली झाली की रिक्वेस्ट तिच्या नावावर पडून राहते. ‘मंजुरी बाकी’ स्टेटसवर दोन दिवसांपेक्षा जुनं काय आहे, याचा शाळानिहाय रिपोर्ट काढा. एकाच शाळेचा ढीग दिसला की शोध संपला.

व्यक्तीऐवजी पदाला मंजुरीचा अधिकार द्या, प्रत्येक शाळेला दुसरा मंजुरी देणारा ठेवा, आणि ठरावीक तासांनी रिक्वेस्ट आपोआप पुढे जाण्याची सोय असेल तर ती चालू करा. गळणारा नळ आणि न चालणारं हीटर यांना मंजुरी लागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मंजुरी हवी ती खर्चाच्या कामांना: भिंतीला नवा रंग, नवं शेल्फ, जादा आउटलेट.

५. राउटिंग नियम

घोडं पेंड खातं ते इथे. राउटिंग म्हणजे ‘ठिकाण अमुक आणि कामाचा प्रकार तमुक असेल तर या ग्रुपकडे पाठव’ असे नियम. ते बहुधा सॉफ्टवेअर बसवताना एकदा लिहिले जातात. पुढे डिस्ट्रिक्ट बदलत राहतं, नियम तसेच राहतात.

आधी टेस्ट रिक्वेस्ट टाका: तीच शाळा, तीच खोली, तोच प्रकार, वर्णनात ‘टेस्ट, काम करू नये’. मग एकाच वेळी एकच गोष्ट बदला. शाळा तीच ठेवून प्रकार बदला, प्रकार तोच ठेवून शाळा बदला. चार-पाच टेस्टमध्ये शाळा आणि प्रकार यांची कोणती जोडी तुटली आहे ते हाताला लागतं. टेस्ट ऑर्डर डिलीट करू नका, कॅन्सल करा. डिलीट केल्या की नंबरांच्या मालिकेत भोकं पडतात आणि ऑडिटच्या वेळी त्यांचा खुलासा करत बसावं लागतं.

आता नेहमी सापडणारी कारणं.

‘इतर’ हा प्रकार. कुठला प्रकार निवडावा हे न कळलेला शिक्षक ‘इतर’ निवडतो, आणि ‘इतर’साठी नियमच नसतो. नियमांच्या अगदी तळाशी एक सर्वसाधारण नियम हवाच: वर काहीच जुळलं नाही तर डिस्पॅचरच्या (कामं वाटून देणाऱ्याच्या) रांगेत टाक. हा एक नियम नसल्यामुळे जेवढी कामं हरवतात तेवढी बाकी सगळ्या कारणांनी मिळून हरवत नसतील.

नियमांचा क्रम. बऱ्याच प्रणाली वरून खाली वाचतात आणि पहिला जुळलेला नियम लागू करतात. वर कुणी ‘सगळ्या शाळा, वातानुकूलन’ असा मोकळा नियम ठेवला तर त्याखालचा ‘हायस्कूल, वातानुकूलन, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र)’ हा नियम कधीच चालणार नाही. नेमके नियम वर, मोकळे खाली.

पोर्टेबल वर्ग, म्हणजे हलवता येणाऱ्या तयार खोल्या. हे एका शाळेच्या आवारातून उचलून दुसऱ्या आवारात ठेवले जातात आणि सॉफ्टवेअरमध्ये जुन्याच शाळेखाली राहतात. वर्गाचं छतावरचं किंवा भिंतीवरचं हीटिंग-एसीचं युनिट, त्याचा क्यूआर कोड, सगळं जुन्या ठिकाणाशी जोडलेलं. शिक्षिका कोड स्कॅन करते, ऑर्डर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या टेक्निशियनकडे जाते, तो तिथे जाऊन ‘असा वर्गच नाही’ म्हणून बंद करून टाकतो. पोर्टेबल हलवण्याच्या कामाच्या चेकलिस्टमध्येच ‘सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण बदलणं’ ही ओळ घाला. वर्गाच्या नोंदीबरोबर तिच्याखालची उपकरणंही हलली का, ते स्वतंत्र बघा. काही प्रणाली ती आपोआप हलवत नाहीत.

खोल्यांचे नंबर. खोल्यांची यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की ‘०१२’ ही खोली ‘१२’ होते आणि ‘३-१२’ या खोलीची तारीख होते. ती फाइल परत इंपोर्ट केली की जुन्या खोल्या जुळत नाहीत, नव्या बोगस खोल्या तयार होतात, आणि त्यांना कोणताच नियम लागू नसतो. इंपोर्ट करताना नंबरचा रकाना टेक्स्ट म्हणूनच आणा. मोठ्या बदलाआधी सध्याच्या यादीची एक्सपोर्ट केलेली प्रत वेगळी ठेवा.

नियम बदलल्यावर अडकलेल्या जुन्या ऑर्डर आपोआप योग्य ठिकाणी जातील असं गृहीत धरू नका. नियम सहसा ऑर्डर तयार होताना एकदाच चालतात. जुन्या हाताने असाइन कराव्या लागतात.

६. अकाउंट आणि ग्रुप

लॉगिन डिस्ट्रिक्टच्या गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असेल तर कोण चालू आणि कोण बंद हे फॅसिलिटीजचं सॉफ्टवेअर ठरवत नाही, रात्रीचं सिंक ठरवतं. उन्हाळ्यात एचआर नवीन वर्षाच्या नोंदी करतं, दहा महिन्यांच्या करारावरचे कर्मचारी तात्पुरते ‘बंद’ होतात, आणि ऑगस्टमध्ये परत ‘चालू’ झाल्यावर त्यांची ग्रुपची सदस्यता परत येत नाही. माणूस लॉगिन करू शकतो, सगळं ठीक दिसतं, फक्त त्याच्या ग्रुपची कामं त्याला दिसत नाहीत.

ग्रुपमधल्या सदस्यांची यादी काढा. शून्य सदस्यांचा ग्रुप आहे का हे पहिलं बघा. सॉफ्टवेअर रिकाम्या ग्रुपलाही खुशाल काम पाठवतं. मग सोडून गेलेल्या माणसांच्या नावावरच्या उघड्या ऑर्डर शोधा. एखाद्याचं अकाउंट बंद करण्याआधी त्याच्या उघड्या ऑर्डर आणि त्याच्या नावावरची पीएम दुसऱ्याकडे वळवणं हा नियमच करून टाका.

सदस्य हाताने पुन्हा टाकून भागत असेल तर टाका, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. रात्रीतून ते परत निघाले असतील तर सिंकचा मूळ स्रोत चुकीचा आहे, आणि तो आयटीचा प्रांत आहे.

७. ई-मेल

अ‍ॅपमध्ये काम दिसतं आणि ई-मेल येत नाही, एवढंच असेल तर आधी स्पॅम आणि क्वारंटाइन (मेल सर्व्हरने संशयावरून अडवून ठेवलेले ई-मेल) बघा. एकाच माणसाला येत नसेल तर त्याची प्रोफाइल, कुणालाच येत नसेल तर डोमेन. सॉफ्टवेअर डिस्ट्रिक्टच्या पत्त्याच्या नावाने ई-मेल पाठवत असेल तर डीएनएसमधल्या (डोमेनच्या तांत्रिक नोंदींमधल्या) एसपीएफ नोंदीत, म्हणजे त्या डोमेनच्या नावाने कुणी ई-मेल पाठवावी याच्या यादीत, त्या कंपनीला परवानगी लागते. या नोंदीला १० डीएनएस लुकअपची (तपासणीसाठी कराव्या लागणाऱ्या चौकशांची) मर्यादा आहे. बसचं सॉफ्टवेअर, जेवणाचं सॉफ्टवेअर, पालकांना मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर अशी एकेकाची भर पडत ती मर्यादा ओलांडली की एसपीएफची तपासणीच फेल ठरते. फॅसिलिटीजमध्ये कुणी काही बदललेलं नसताना एका सोमवारी ई-मेल बंद पडल्या तर हे कारण विचारा. विचारा, एवढंच. डीएनएसला स्वतः हात लावायचा नाही.

८. पीएम निघायच्या थांबल्या

हरवलेली रिक्वेस्ट शाळा आठवण करून देऊन परत मागते. न निघालेल्या पीएमची आठवण कुणीच करून देत नाही, म्हणून ही तपासणी जास्त महत्त्वाची. अग्निशामक सिलिंडरची दरमहा पाहणी, इमर्जन्सी लाइटची दरमहा ३० सेकंदांची आणि वर्षातून एकदा ९० मिनिटांची चाचणी, किचन हूडच्या आग विझवणाऱ्या यंत्रणेची सहामाही तपासणी. आणि अ‍ॅस्बेस्टॉस: शाळांमधल्या अ‍ॅस्बेस्टॉसबाबतच्या १९८६ च्या आहेरा (AHERA) कायद्याखाली, ज्या शाळांत असं साहित्य आहे तिथे दर ६ महिन्यांनी पाहणी आणि दर ३ वर्षांनी पुनर्तपासणी. तीन वर्षांच्या मुदतीची पीएम न निघाल्याचं कळायलाही तीन वर्षं लागतात.

आधी बघा की वेळापत्रक ‘फिक्स्ड’ (ठरलेल्या तारखांना) आहे की ‘फ्लोटिंग’. फ्लोटिंगमध्ये पुढची तारीख मागचं काम बंद केल्याच्या दिवसापासून मोजली जाते. मागची ऑर्डर कुणी बंदच केली नाही तर पुढची निघणार नाही, कधीच. काम झालेलं असतं, फिल्टर बदललेले असतात, फक्त ‘कम्प्लीट’ दाबायचं राहिलेलं असतं, आणि त्या युनिटची पीएम तिथेच गोठते. फिक्स्डमध्येही ‘आधीची उघडी असेल तर नवी काढू नको’ असा पर्याय असतो आणि तो तोच परिणाम करतो. कायद्याने ठरलेल्या तपासण्या फिक्स्डवर ठेवा आणि हा पर्याय बंद करा. फिल्टर, बेल्ट, ग्रीसिंग फ्लोटिंगवर ठेवले तर चालतं.

मग वेळापत्रकाची शेवटची तारीख. बहुतेक राज्यांत डिस्ट्रिक्टचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून असतं, आणि कुणीतरी वेळापत्रक बनवताना शेवट ३० जून टाकलेला असतो. जुलैपासून सगळं गप्प. शेवटची तारीख रिकामी ठेवा.

उपकरणाचं स्टेटस बघा. छतावरचं युनिट बदलल्यावर जुनं ‘निवृत्त’ होतं, त्याची पीएम थांबते, आणि नव्या युनिटला कुणी पीएम जोडतच नाही. उपकरणांची यादी आणि चालू पीएमची यादी एकमेकांसमोर ठेवून पीएम नसलेली उपकरणं शोधा. हा रिपोर्ट वर्षातून दोनदा काढला तरी पुष्कळ.

महिन्याची ३१ तारीख निवडली असेल तर ३० दिवसांच्या महिन्यात काही प्रणाली ऑर्डर वगळतात. १ तारीख निवडा.

आणि दुरुस्तीआधीचा इशारा: थांबलेलं वेळापत्रक नुसतं ‘चालू’ केलं तर मागच्या सगळ्या चुकलेल्या पाळ्या एकदम निघू शकतात. दोनशे युनिट, सहा महिने, बाराशे ऑर्डर एका सकाळी. आधी ‘पुढची ड्यू डेट’ येणाऱ्या पाळीवर आणा, एका उपकरणावर चालू करून रात्रभर थांबा, मग बाकीची करा.

९. घड्याळ आणि जोडण्या

ऑर्डर एक दिवस आधी किंवा नंतर निघत असतील तर साइटचा टाइम झोन तपासा. डेलाइट सेव्हिंगसाठी घड्याळं पुढेमागे करणाऱ्या राज्यांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्री २ ते ३ हा तास अस्तित्वातच नसतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी १ ते २ दोनदा येतो. स्थानिक वेळेवर चालणारं रात्रीचं काम या तासांत ठेवलेलं असेल तर ते चुकतं किंवा दोनदा चालतं. पहाटे ४ ही सुरक्षित वेळ.

बिल्डिंग ऑटोमेशनचे (इमारतीतली यंत्रं आपोआप चालवणाऱ्या प्रणालीचे) अलार्म थेट ऑर्डर बनवत असतील तर एक फडफडणारा सेन्सर रात्रीत शेकडो ऑर्डर काढू शकतो आणि खरी कामं त्याखाली गाडली जातात. अलार्म किमान काही मिनिटं टिकला तरच ऑर्डर काढायची, आणि त्याच उपकरणाची ऑर्डर उघडी असेल तर नवी काढायची नाही, या दोन अटी घाला.

कुठे थांबायचं

हिस्टरीत काहीच नोंद नसेल, म्हणजे रिक्वेस्ट तयार होऊनही पुढची एकही ओळ नसेल, आणि टेस्ट रिक्वेस्टचंही तसंच होत असेल, तर पार्श्वभूमीत चालणारी प्रक्रियाच बंद आहे. ते सॉफ्टवेअर कंपनीलाच दिसतं. तुम्ही सेटिंग चाळून ते सुटणार नाही. सगळ्यांचंच लॉगिन एकाच दिवशी बंद पडलं तर सिंगल साइन-ऑनचं (एकाच खात्याने सगळीकडे लॉगिन करण्याच्या सोयीचं) सर्टिफिकेट संपलेलं असण्याची शक्यता मोठी. ते आयटीने बदलायचं. डेटाबेसमध्ये थेट बदल, डीएनएस, सिंकचे नियम यांत फॅसिलिटीजने पडू नये. आणि पीएम चुकल्याचं लक्षात आल्यावर फायर अलार्म, स्प्रिंकलर, बॉयलर, बॅकफ्लो (दूषित पाणी नळात उलटं येऊ न देणारी यंत्रणा), अ‍ॅस्बेस्टॉस यांची राहिलेली तपासणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायची.

सपोर्टला लिहिताना हे एकदम द्या: हरवलेल्या तीन आणि पोहोचलेल्या एका ऑर्डरचा नंबर, टेस्ट कधी केली ती वेळ टाइम झोनसकट, कुणाच्या लॉगिनने, हिस्टरीचा स्क्रीनशॉट, आणि गेल्या दोन आठवड्यांत कोणते नियम किंवा इंपोर्ट बदलले. यातलं काही राहिलं की पहिलं उत्तर प्रश्न म्हणूनच येतं आणि दोन दिवस जातात. फोनवर असताना ‘हे बदलून बघा’ म्हणून सांगितलेली प्रत्येक सेटिंग, ती आधी काय होती त्यासकट, लिहून ठेवा. उपयोग झाला नाही तर ती परत फिरवावी लागते, आणि ते काम सपोर्टवाला करत नाही.

दुरुस्तीनंतर अडकलेल्या ऑर्डर एकगठ्ठा बंद करू नका. प्रत्येक शाळेला यादी पाठवून कोणतं काम अजून हवं आहे ते विचारा. बरीचशी कस्टोडियनने (शाळेच्या साफसफाई-देखरेख कर्मचाऱ्याने) परस्पर केलेली असतात. चुकलेल्या तपासण्यांच्या ऑर्डर मागच्या तारखा टाकून ‘पूर्ण’ दाखवायच्या नाहीत. त्या ‘झाली नाही’ अशा कारणासह बंद करा, तपासणी आज करा आणि आजचीच तारीख टाका.